शेवटच्या शेकानंतरचे आठवडे



भारतातील पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. तंबाखू, गुटखा, सुपारी आणि दारू ही त्याची मुख्य कारणे. आपल्यापैकी काही घरांत आई किंवा वडील तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाचे उपचार घेत असतील. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. आजारपणात तो मान रोजच्या लहान कामांतून राखायचा असतो.

१. उपचारापूर्वी : किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला शेक किंवा लाईट म्हणतो, ते सुरू होण्याआधी दात तपासून घ्यावेत. काढायचे दात आधीच काढावेत. शेक दिलेल्या जबड्यात नंतर दात काढला तर जखम भरून यायला फार त्रास होतो. पुढे कधीही दंतवैद्याकडे गेल्यास शेक घेतल्याचे आठवणीने सांगावे.

२. खंड पडू देऊ नये : शेक साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ घट्ट होते, गिळताना आग होते. पाचव्या आठवड्यात वडील म्हणतात, "बस झाले, आता जायचे नाही." त्यांच्यावर रागावू नका. पण मध्ये खंड पडला तर उपचाराचा गुण कमी होतो, म्हणून त्यांचे दुखणे त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. वेदनेवर औषध असते. केमोथेरपीही चालू असेल आणि ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधा.

३. जेवण : जिभेची चवच गेलेली असते. आवडीचे कालवण बाजूला सारले म्हणून सुनेने किंवा मुलीने वाईट वाटून घेऊ नये. तिखट, आंबट व गरम टाळावे. पेज, दूध, मऊ भात, अंडे असे थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरायला द्याव्यात. नाकातून नळी घातली म्हणजे आता सारे संपले, असे समजू नये. उपचार पुरा करण्यासाठी ती मदत आहे. नळीतून देताना व नंतर अर्धा तास त्यांना बसते ठेवावे. गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम तज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवावेत, नाहीतर स्नायू आखडतात.

४. बोलणे : आवाज बसला तरी मत कायम असते. पाटी किंवा वही हाताशी ठेवा आणि ते लिहून पुरे करेपर्यंत थांबा. डॉक्टरांसमोर त्यांच्या वतीने घाईने उत्तर देऊ नका. तंबाखू सोडायला मदत करणे वेगळे आणि तंबाखूवरून टोचून बोलणे वेगळे.

५. शेवटच्या शेकानंतर : येथेच बहुतेक घरे चुकतात. शेवटचा शेक झाला की नातेवाईक पेढे मागतात, सुटी घेतलेला मुलगा कामावर परततो. पण शेकाचा त्रास त्यानंतरचे एक-दोन आठवडे सर्वांत जास्त असतो, मग हळूहळू उतरतो. चव परतायला महिने लागू शकतात. तोंडाची कोरड तर पुष्कळदा कायमची राहते. म्हणून भावंडांनी पाळ्या ठरवताना हे आठवडे आधी धरावेत, सुटी राखून ठेवावी.

६. ख्रिस्तप्रसाद : गिळता येत नाही म्हणून अनेक रुग्ण मिस्साला यायचे टाळतात. ज्यांना भाकर गिळता येत नाही त्यांना गरजेनुसार केवळ द्राक्षरसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदा देतो. तोंडाला जखमा असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. रुग्णाभ्यंग हा संस्कारही केवळ मरणासन्नांसाठी नाही. गंभीर उपचारांच्या सुरुवातीलाही तो घेता येतो. धर्मगुरूंना मोकळेपणाने कळवावे.

शेजाऱ्यांनो, अशा घरी जाताना फळांची करंडी नेऊ नका. ती त्यांना खाता येत नाही. त्याऐवजी एक दिवस रुग्णालयात सोबत जा, किंवा दुपारी दोन तास त्यांच्याजवळ बसा, म्हणजे त्या घरातल्या मुलीला थोडी झोप मिळेल.