बॅलन्सिंग करूनही पिकअप थरथरते

प्रश्न : द्रोणागिरीहून न्हावाशेव्याला माल नेतो. ताशी ६० च्या पुढे पिकअप थरथरते. चाकांचं बॅलन्सिंग करूनही फरक नाही.

उत्तर : स्टीअरिंग थरथरतं की सीट? स्टीअरिंग असेल तर पुढची चाकं. सीट असेल तर मागची, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून पाहा. इंजिन बंद करू नका, ब्रेक जड होतो. थरथर तशीच राहिली तर इंजिनावरचा संशय बहुधा मिटला. मग गाडी थांबवून, इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने पिळा. शाफ्टच्या जोडातला क्रॉस खडखडला किंवा सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं दिसलं, तर दुखणं तिथंच. शाफ्ट उतरवण्याआधी जोडांवर खुणा करून घ्या. घाईत हेच राहतं, आणि योक चुकीच्या कोनात बसले की नव्या क्रॉसनंतरही गाडी थरथरते.