राजीनामा किती रुपयांना पडतो?

सोमवारच्या नुसत्या कल्पनेने रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येत असेल, तर नोकरी सोडण्याचा विचार मनात येणारच. त्यात गैर काही नाही. पण राजीनाम्याचा मेल लिहिण्याआधी वही घ्या आणि आकडे मांडा. नोकरी सोडून अडचणीत आलेली जी माणसे मला भेटली, त्यांनी पगार बंद होणार हे धरलेच होते. पगाराबरोबर आणखी काय काय बंद होते, हे मात्र त्यांना कुणी सांगितले नव्हते.

सुरुवात फुकटच्या उपायाने करा. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येते, पैसे लागत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. खासगी समुपदेशक पुण्या-मुंबईत एका बैठकीचे साधारण हजार ते अडीच हजार रुपये घेतात. सहा बैठका धरल्या तरी हा खर्च बहुतेकांच्या पंधरा दिवसांच्या पगाराहून कमी आहे. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर. करिअरचा निर्णय त्यानंतर. इतक्या थकलेल्या मनाने केलेला हिशेब बरोबर येत नाही.

त्रास नेमका कशाचा आहे, हेही याच काळात पाहून घ्यावे. साहेब, रात्रपाळी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले रोजचे तीन तास यांचा त्रास असेल, तर टीम, पाळी किंवा कंपनी बदलून तो सुटतो. व्यवसाय बदलणे हा त्यावरचा सर्वांत महाग उपाय आहे. आठवडाभर रजा घेऊनही कामाचा विषयच नकोसा वाटत असेल, तर पुढचे वाचा.

घरखर्च असा मांडा. समजा, पुण्यात नवरा, बायको आणि एक मुलगी. ३५ लाखांच्या गृहकर्जाचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ३०,४०० रुपये. सोसायटीचा मेन्टेनन्स ३,०००, किराणा-भाजी-दूध-गॅस १७,०००, शाळेची फी आणि व्हॅन ९,०००, वीज-मोबाइल-इंटरनेट ३,०००, पेट्रोल आणि औषधे ६,०००, गावी आईवडिलांना ५,०००. महिन्याला ७३,४०० झाले. सहा महिन्यांना ४,४०,४००. एवढी रक्कम बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा एफडीत हवी. सोने आणि शेअर यात धरू नयेत, कारण गरज पडते तेव्हा भाव आपल्या सोयीने नसतात.

यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मेडिक्लेमकडे. कंपनीचा ग्रुप विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. ओळखीच्या एका टेस्टिंग इंजिनिअरचा शुक्रवार हा शेवटचा दिवस होता. पुढच्याच आठवड्यात वडिलांच्या छातीत दुखू लागले, अँजिओप्लास्टी करावी लागली, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर विम्याचे कार्ड चालेना. वडिलांना मधुमेह होता. नवी पॉलिसी घेतली असती तरी आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो. म्हणून राजीनामा देण्याआधीच स्वतःची पॉलिसी घ्या. तिघांच्या कुटुंबाला दहा लाखांच्या कव्हरसाठी वर्षाला साधारण २० ते २५ हजार पडतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे आणि तीत आधीची वर्षे जमेस धरली जातात. मात्र अर्ज नोकरीत असतानाच करावा. विमा कंपनी वय आणि आजार पाहून हप्ता ठरवते, नकारही देऊ शकते. त्या उत्तराला वेळ लागतो.

आता फुल अँड फायनलचा, म्हणजे सोडतानाच्या अंतिम हिशेबाचा कागद. त्यात ‘नोटीस रिकव्हरी’ ही ओळ शोधा. नोटीस ९० दिवसांची आहे आणि तुम्ही ३० दिवसांत निघालात, तर ६० दिवसांचे पैसे कापले जातात. एकूण पगार ८०,००० आणि मूळ पगार ४०,००० असेल, तर एकूण पगारावर ही कपात १,६०,००० होते, मूळ पगारावर ८०,०००. कुठल्या आकड्यावर कापायचे, हे नियुक्तिपत्रात लिहिलेले असते. ते पत्र आजच काढून वाचा.

ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत सलग पाच वर्षे लागतात. सूत्र असे: मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. ४०,००० मूळ पगाराला पाच वर्षांचे सुमारे १,१५,३८५ रुपये होतात. सेवा मोजतात ती शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत, म्हणजे नोटीसचा काळही त्यात धरला जातो. पाच वर्षे भरायला तीन-चार महिने उरले असतील, तर तारीख कॅलेंडर समोर ठेवूनच ठरवा. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असताना काढला तर कर लागतो, आणि पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षे जुळवावी लागतात. घरात बाळ येणार असेल, तर आईने नोकरी बदलताना आणखी एक गोष्ट तपासावी: प्रसूती रजेच्या पगारासाठी प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत त्याच आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. नियुक्तिपत्रात, नोकरी सोडल्यावर वर्षभर त्याच क्षेत्रात काम करू नका, अशी अट असेल तर घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी संपल्यानंतरचा असा मज्जाव सहसा टिकत नाही. किमान काळ नोकरी करण्याच्या बॉण्डचे तसे नाही. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला.

नव्या वाटेची किंमत कोर्सच्या फीवरून कळत नाही. शिक्षक व्हायचे तर बी.एड.ची दोन वर्षे आली, त्याआधी सीईटी आणि पुढे टीईटी, टेट या परीक्षा. वरच्या कुटुंबाचा दोन वर्षांचा नुसता घरखर्च १७,६१,६०० रुपये होतो. जोडीदाराच्या पगारातून यातले किती निघतात, यावर सारे अवलंबून आहे, आणि हे बोलणे फी भरण्याआधीच व्हायला हवे. शेती करायची ओढ आयटीतल्या अनेकांना आहे, आणि मला ती खोटी वाटत नाही. पण महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर घराण्याचे नाव आहे का, ते पाहिल्याशिवाय कुणालाही इसार देऊ नका.

डबे किंवा घरगुती खाद्यपदार्थांचा उद्योग मात्र नोकरी न सोडताही अजमावता येतो. बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला एफएसएसएआय नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, उद्यम नोंदणी मोफत आहे. शनिवार-रविवारी वीस डबे देऊन पाहा आणि गॅस, भाजी, डिलिव्हरी व स्वतःचे तास यांचा खर्च रोज लिहून ठेवा. नियुक्तिपत्रात दुसऱ्या उद्योगाला मनाई असेल, तर त्याआधी एचआरकडून लेखी परवानगी घ्या.