आज्ञावलीतील नोंदी स्प्रेडशीटमध्ये उतरविताना

संगणकाच्या आज्ञावलीत प्रत्येक नोंद ‘ऑब्जेक्ट’ या स्वरूपात साठविता येते. लाभार्थ्याचे नाव, बँक खात्याचा क्रमांक, जन्मतारीख आणि मंजूर रक्कम मिळून असा एक ऑब्जेक्ट होतो. कचेरीतील लेखनिकास किंवा शाळेतील शिक्षकास मात्र हीच माहिती ओळी व रकाने असलेल्या स्प्रेडशीटमध्ये हवी असते. हे रूपांतर करणारे तयार आज्ञासंच उपलब्ध असून त्यांस ‘लायब्ररी’ म्हणतात. जावा भाषेसाठी ‘अपाची पीओआय’ आणि पायथॉनसाठी ‘ओपनपायएक्सएल’ या विनामूल्य लायब्ऱ्या प्रचलित आहेत.

कामाची रीत

प्रथम कोरे वर्कबुक व त्यात एक शीट तयार करावी. पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षके लिहावीत. त्यानंतर प्रत्येक ऑब्जेक्टसाठी एक ओळ घेऊन त्यातील एकेक माहिती आपापल्या रकान्यात ठेवावी व शेवटी फाइल जतन करावी.

अंक की मजकूर?

खरी दक्षता येथेच हवी. ००४५२१ हा क्रमांक संख्या म्हणून लिहिल्यास तो ४५२१ असा उरतो. एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक राखते. त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन जातो आणि हक्काचे पैसे अडकण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून ज्या अंकांची बेरीज करावयाची नसते ते मजकूर म्हणून लिहावेत. रक्कम तेवढी संख्या म्हणून लिहावी. तारीख ही आत दिवसांच्या क्रमांकाच्या रूपाने राहते. तिला तारखेचे स्वरूप न दिल्यास १५ ऑगस्ट १९४७ ऐवजी १७३९४ हा आकडा दिसतो.

ओळींची मर्यादा

जुन्या ‘एक्सएलएस’ फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, तर नव्या ‘एक्सएलएसएक्स’ फाइलीत १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ कोरोनाबाधितांच्या नोंदी दैनिक आकडेवारीतून गळाल्या. जुन्या फाइलीची ही मर्यादा त्यास कारण ठरल्याचे पुढे आले. रुग्णांना चाचणीचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्यास विलंब झाला.

अखेरची तपासणी

फाइल तयार झाल्यावर शीर्षकाची ओळ वगळून उरलेल्या ओळी मोजाव्यात व ती संख्या ऑब्जेक्टांच्या संख्येशी ताडून पाहावी. रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळते का, हेही पाहावे. आरंभी शून्य असलेला एक क्रमांक व एक दीर्घ खाते क्रमांक मुद्दाम उघडून मूळ नोंदीशी पडताळावा. गळालेली ओळ पडद्यावर दिसत नाही. ती मोजणीतच सापडते. यादीतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस उभा असतो, याचे भान ठेवून ही तपासणी व्हावी.