रणगाड्याला चिकटपट्टी: मास्किंगचा खर्च किती?

नगरचं रणगाडा संग्रहालय पाहून आलेलं पोर आठवड्याच्या आत एकच टुमणं लावतं: मला रणगाडा बनवायचाय. (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी रिक्षावाल्याला आपण ‘नगर’च सांगतो.) १९९४ पासून लष्कराने इथे जुने रणगाडे मांडून ठेवलेत. दुसऱ्या महायुद्धातला चर्चिल आहे, सेंच्युरियन आहे, पकडून आणलेला पॅटनही आहे. पोराचं मन बहुधा सेंच्युरियनवर बसतं. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यातून लढले, तो सेंच्युरियनच. युद्ध सुरू झालं तेव्हा खेत्रपाल नगरलाच तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाला होते.

पस्तिसाव्या हिश्श्याचा सेंच्युरियन, टामियाचा घ्या नाहीतर एएफव्ही क्लबचा, ऑनलाइन साधारण तीन ते पाच हजारांना पडतो. आकडा ऐकून दचकू नका. अशी मॉडेल्स आयातीत खेळण्यांच्याच खान्यात येतात. त्या खान्याचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मग एवढी महाग किट घरी आली की माणूस उरलेल्या सामानात काटकसर करायला बघतो, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती मास्किंग टेपवर. जिथे रंग नको ती जागा झाकायची पट्टी, तिला कशाला चारशे रुपये?

मीही तेच केलं. हार्डवेअरच्या दुकानातली पन्नास रुपयांची जाडी टेप आणली, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मॉडेलला लावली आणि लग्नाला गावी गेलो. आठ दिवसांनी सोलली तर गोंद सगळा मॉडेलवर आणि टेप कोरडी हातात. शिवाय त्या टेपला बारीक सुरकुत्या असतात. रंग सुरकुतीतून आत शिरतो आणि सरळ रेघेच्या जागी करवतीचे दात दिसतात. गोंद खोबरेल तेलाने हळूहळू निघाला, मग भांड्यांच्या साबणाने धुतलं. रेघ मात्र पुन्हा रंगवावी लागली.

आता हिशेब मांडून बघा. टामियाची पिवळी टेप पातळ जपानी कागदाची असते, रोल १८ मीटरचा. दहा मिलिमीटर रुंदीचा रोल तीनशे ते साडेचारशेच्या दरम्यान मिळतो. ३६० धरले तर मीटरला वीस रुपये. ही टेप फक्त रंगाच्या कडेला लावायची, त्यामागचा सगळा भाग स्वस्त टेपने आणि वर्तमानपत्राने झाकायचा. असं केलं तर एका रणगाड्याला फार तर दीड मीटर लागते, म्हणजे तीस रुपये. पाच हजारांच्या किटवर तीस रुपये वाचवण्यात काही मतलब नाही.

स्वस्त टेपच कडेला वापरायची वेळ आली, तर ती आधी काचेच्या तुकड्यावर चिकटवा आणि पोलादी पट्टी धरून नव्या पात्याने कडेचा एक मिलिमीटर कापून टाका. रोलच्या कडेला धूळ आणि तंतू बसलेले असतात, रंग तिथूनच घुसतो. काचेच्या दुकानात असे तुकडे फुकट मिळतात. पातं मेडिकलमधून आणा. शस्त्रक्रियेचं ११ नंबरचं पातं मागितलं की पाच-दहा रुपयांत मिळतं, त्याची दांडी ऐंशीच्या आसपास. हॉबीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सुरीपेक्षा हे धारदार, त्यामुळे पोराच्या हाती देऊ नका. टेप बसल्यावर कडेवर आधी खालचाच रंग एक हात फवारा. फट असेल तर ती त्याच रंगाने बुजते आणि वरचा रंग आत जात नाही. याला पैसा लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

सेंच्युरियनला एका बाजूला सहा जोड्या चाकं, म्हणजे एकूण चोवीस. प्रत्येकाला रबराची धाव. चोवीस गोल टेप कापत बसलात तर दिवाळी येईल. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची मुलं वापरतात ती वर्तुळांची प्लास्टिकची साचापट्टी स्टेशनरीत शंभरच्या आत मिळते. चाकं आधी काळपट करड्या रंगात बुडवून काढल्यासारखी रंगवा, वाळू द्या. मग रबर झाकलं जाईल आणि मधली तबकडी उघडी राहील असं भोक शोधून पट्टी वर धरा आणि हिरवा फवारा. अर्ध्या तासात चोवीसही होतात.

रणगाड्यावर दोन रंगांचे ठिपके हवे असतील तर त्यांची कड धूसर लागते, तिथे टेप कामाची नाही. भिंतीला पोस्टर चिकटवायची फेबर-कॅसलची टॅक-इट घ्या, शंभरच्या आसपास. तिच्या शेवेएवढ्या वळ्या करून सीमारेषेवर ठेवायच्या आणि रंग सरळ वरून मारायचा. रात्रभर मात्र ठेवू नका, तेलकट डाग उरतो. द्रवरूप मास्क, हम्ब्रॉलचा मास्कॉल वगैरे, पेरिस्कोपच्या काचांसाठी बरा. पहिल्या किटला मी तो घ्यायला सांगणार नाही. घेतलाच तर ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर ब्रशचं रबर होतं.

आकडे आणि चिन्हांसाठी नगरमध्ये एक सोय आहे, ती म्हणजे रेडियमवाला. गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्या दुकानात कटिंगचं यंत्र असतंच. मी गेलो तेव्हा त्याने विचारलं, “नंबर कोणत्या गाडीचा?” म्हटलं, रणगाड्याचा. त्याने आरसी मागितली नाही एवढंच. शंभर-दीडशे रुपयांत पानभर आकडे कापून देतात. तुम्हाला अक्षरं नकोत, अक्षरांभोवतीचं भोक हवंय, हे दोनदा सांगा; नाहीतर सवयीने तो भोक फेकून अक्षरं देईल. पाच मिलिमीटरपेक्षा बारीक काही सांगू नका, कोपरे फाटतात. ‘फामागुस्ता’ची अक्षरं या मापात बसत नाहीत, त्यासाठी डेकलच, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं. रेडियमचा गोंद दांडगा असतो. तळहातावर दोन-तीनदा चिकटवून त्याची धार मोडा, मगच मॉडेलला लावा.

एकूण बिल: चांगली टेप ३६०, साधी ५०, टॅक-इट ८०, सहा पाती ६०, दांडी ८०, साचापट्टी १००. झाले ७३०. रेडियमवाल्याचे वेगळे. एवढ्यात टेपच्या हिशेबाने दहा-बारा रणगाडे होतात. पाती तेवढी पुन्हा आणावी लागतील. टेपचा रोल डब्यात झाकून ठेवा, उन्हाळ्यात पत्र्याखाली नको. आणि सोलताना टेप वर ओढू नका. तिच्याच अंगावर दुमडून, रंग हाताला लागेनासा झाला की त्याच दिवशी काढा, मग बाहेरगावी कुणाचंही लग्न असो.