नवा कॅमेरा घेताना

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. दुसरे सरफोजी राजे यांनी तो १८०३ साली कोरवून घेतला. भोसले घराण्याचा इतिहास त्यात सांगितला आहे. मराठी बोलणारा प्रवासी तंजावरला गेला की त्या भिंतीपाशी थांबतो आणि आजकाल बहुधा खिशातून मोबाइल काढून छायाचित्र घेतो. पुढे ते मोठे करून पाहताना त्याची निराशा होते. अक्षरे दिसतात, पण वाचता येत नाहीत. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो चांगला कॅमेरा घेण्याचा.

याच मंदिराच्या विमानाच्या पायथ्याशी चोळकालीन तमिळ लेख आहेत. लिनियस ट्राइप या मद्रास इलाख्याच्या सरकारी छायाचित्रकाराने १८५८ साली त्यांची छायाचित्रे कागदी निगेटिव्हवर घेतली आणि एकवीस भाग शेजारीशेजारी जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. तंजावरचे मराठी राज्य खालसा होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. आजच्या साध्या मोबाइलइतकेही सोयीचे साधन ट्राइपपाशी नव्हते. काय टिपायचे आणि त्यासाठी काय लागेल, हे मात्र त्याला नेमके ठाऊक होते. नवा कॅमेरा घेऊ इच्छिणाऱ्याने आरंभ तेथूनच करावा.

शिलालेखाचेच उदाहरण घ्या. कोरीव अक्षर वाचता येते ते त्याच्या खोलीत पडणाऱ्या सावलीमुळे. ऊन समोरून पडले की सावली नाहीशी होते आणि भिंत सपाट दिसते. तेच ऊन बाजूने, तिरपे आले की अक्षर उठून दिसते. म्हणजे येथे कॅमेरा बदलण्याआधी वेळ बदलून पाहावी, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कित्येकांच्या खरेदीचे मूळ अशा न तपासलेल्या कारणात असते.

म्हणून तुम्ही गेल्या वर्षभरात काढलेली, पण मनासारखी न आलेली पन्नास छायाचित्रे निवडा आणि प्रत्येक कशामुळे बिघडले ते वहीत लिहा. अंधारात दाणेदार झाले, माणूस हलल्याने अस्पष्ट आले, विषय फार दूर राहिला, की आपलाच हात कापला? प्रत्येक दोषावरचा उपाय निराळा आहे. विषय दूर राहिला असेल तर लांब पल्ल्याची लेन्स लागेल. हात कापत असेल तर कंपनरोधक सोय असलेला कॅमेरा उपयोगी पडेल. ऐतिहासिक वास्तूत तिपाई वापरायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घ्यावी लागते; त्यामुळे तंजावरच्या मंदिरात ही सोय विशेष कामाची. परंतु कंपनरोधक यंत्रणा फक्त तुमच्या हाताची हालचाल सावरते, समोरच्या नर्तकीची नव्हे.

अंधारातील छायाचित्रांचा प्रश्न अधिक सविस्तर पाहू. तंजावर परिसरात लग्नाचे मुहूर्त पुष्कळदा पहाटेचे असतात. मंडपात प्रकाश थोडा असतो आणि माणसे सतत हलत असतात. येथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे सेन्सर, म्हणजेच प्रकाश टिपणारी चकती. लहान, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात ती साधारण ६ मिलिमीटर बाय ४.५ मिलिमीटर असते; लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ बाय १५.६, आणि ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्यात ३६ बाय २४ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा: पहिल्याहून दुसरीचे क्षेत्रफळ तेरा पटींहून अधिक आहे, तर दुसरीहून तिसरीचे अडीचपटही नाही. किमतीतील फरक मात्र या हिशेबाने चालत नाही. लहानापासून मध्यमापर्यंत जाताना जो लाभ होतो, तो त्यापुढच्या पायरीवर तेवढ्याच पैशांत मिळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लेन्सचे छिद्र. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त झूम लेन्सवर मोठ्यात मोठे छिद्र, लांब टोकाला, बहुधा एफ ५.६ किंवा त्याच्या आसपास असते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते, एफ १.८ ची जवळजवळ दहापट. ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स त्या मानाने स्वस्त असते. तेव्हा ज्याच्यापाशी बरा कॅमेरा आधीच आहे, त्याने नवे यंत्र घेण्यापूर्वी अशी एक लेन्स लावून पाहावी. जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याचे महत्त्व मात्र त्या मानाने कमी आहे. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्राची, एका इंचात ३०० ठिपके धरून, २० बाय १३ इंचांची छपाई स्वच्छ निघते. लग्नाच्या अल्बमला याहून मोठे पान क्वचितच लागते.

तरीही नवा कॅमेरा घ्यायचाच ठरले, तर जुन्या लेन्सचे काय होणार हे आधी तपासा. कॅमेरा आणि लेन्स जेथे जुळतात त्या कड्याला माउंट म्हणतात आणि तो बहुधा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, तर कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा. २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. जुन्या लेन्स जोडकडे लावून नव्या कॅमेऱ्यावर बसवता येतात, पण सर्वच पूर्वीसारख्या चालत नाहीत. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सना फोकससाठी कॅमेऱ्यातील मोटर लागते, त्या कंपनीच्या स्वतःच्या जोडकड्यावर आपोआप फोकस करीत नाहीत. ही गोष्ट खरेदीनंतर कळली तर नवा खर्च उभा राहतो.

मिररलेस कॅमेऱ्याचा एक गुण तंजावरकरांना विशेष भावेल. इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास तो आवाज न करता छायाचित्र घेतो. जानेवारीत तिरुवय्यारला त्यागराज आराधना भरते, तेथे गायकासमोर खटखट आवाज करणारा छायाचित्रकार श्रोत्यांना नकोसा होतो. मात्र याच शटरने काही एलईडी दिव्यांखाली छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात. सोय आणि गैरसोय अशी एकाच बटणात असते.

आता खरेदीकडे वळू. तंजावरला राहून दूरची वस्तू मागविणे ही नवलाई नव्हे. सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालयासाठी इंग्रजी व इतर युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ जमविले. युरोपातले ग्रंथ तेव्हा समुद्रमार्गे येत. त्यांतील पुष्कळ ग्रंथांवर राजांची स्वाक्षरी आजही दिसते. आज पैसे क्षणात जातात, वस्तू दोन दिवसांत येते, पण पलीकडचा माणूस दिसत नाही. त्याच्याविषयी खात्री करून घ्यायची तर चेहऱ्याऐवजी कागद पाहावे लागतात.

पहिला भेद लक्षात ठेवा तो बाजार आणि विक्रेता यांचा. मोठी संकेतस्थळे बहुतांशी बाजार असतात; वस्तू विकणारा कोणी दुसराच असतो आणि त्याचे नाव किमतीखाली बारीक अक्षरांत असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार बाजार चालविणाऱ्याने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क दाखविलाच पाहिजे. ते नाव कॅमेरा कंपनीच्या भारतातील संकेतस्थळावर दिलेल्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत आहे का, ते पाहा. यादीत नसलेला प्रत्येक जण लबाड असतो असे नाही; पण अशा ठिकाणी परदेशातून परस्पर आणलेला माल मिळण्याचा संभव असतो. तो खरा असतो, स्वस्तही असतो, मात्र भारतातील वॉरंटी त्याला बहुधा लागू होत नाही. तेव्हा ‘वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकान?’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

बिलावरील जीएसटी क्रमांक पंधरा चिन्हांचा असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: तमिळनाडूसाठी ३३, महाराष्ट्रासाठी २७. तो क्रमांक शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर घातला की नोंदणी कोणाच्या नावाने आहे आणि ती चालू आहे का, हे विनामूल्य कळते. पत्त्याच्या पट्टीतील कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नका. तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. ज्याच्याकडे ती पोहोचते तो प्रामाणिक आहे की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही. भामट्याच्या दारालाही कुलूप असू शकते.

‘एकच नग शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपेल’ अशा पाट्या दिसल्या तर थांबा. खोटी घाई निर्माण करण्याची ही रीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोडते. सर्वांहून फार कमी किंमत आणि व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर आगाऊ पैसे, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर व्यवहार सोडून द्यावा. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. जो तो मागतो तो पैसे घेण्यासाठीच मागतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा हाताळून पाहायला गावातले दुकान आणि विकत घ्यायला मोबाइल, ही आता सर्रास रीत झाली आहे. ती मला फारशी न्याय्य वाटत नाही. निदान त्या दुकानदाराला भाव तरी विचारावा. थोडे अधिक पडले तरी बिघाड झाल्यावर त्याच्या दारात जाता येते.

खोके आल्यावर ते उघडण्याआधी मोबाइलवर चित्रण सुरू करा. पत्त्याची चिठ्ठी, न फाटलेली मोहोर, आतल्या वस्तू आणि कॅमेऱ्यावरील अनुक्रमांक हे सर्व एकाच सलग चित्रणात यावे. अनुक्रमांक तीन ठिकाणी जुळला पाहिजे: कॅमेरा, खोके आणि बिल. बिलावर तो नसेल तर लिहून मागा. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी कॅमेरा खऱ्या कामावर वापरून पाहा, कपाटात जपून ठेवू नका.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्याने मूळ बिल पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत, कारण चोरीचा माल बिलाविना फिरतो. शटर किती वेळा उडाले आहे तेही विचारावे. कावेरीच्या खोऱ्यातील हवा दमट. ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाच्या महिन्यांत बंद पिशवीत राहिलेल्या लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते. लेन्समधून दिव्याकडे पाहिल्यास ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. काच पुसून ती जात नाही.

इतकी काळजी घेऊनही वस्तू सदोष निघाली, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी मराठी आणि तमिळसह अनेक भाषांत चालते. तरीही दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीत असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे तंजावरलाच, दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

येथे छायाचित्रणावर पोट असलेल्यांच्या मनात शंका येते. कायद्यात व्यापारासाठी वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही; मग लग्नाची छायाचित्रे काढण्यासाठी कॅमेरा घेणारा कोण? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचे उत्तर स्वतःच देतो. केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका करण्यासाठी जो वस्तू घेऊन वापरतो, तो ग्राहकच. वर्षाची शिल्लक एका यंत्रात घालणाऱ्या छायाचित्रकाराला हे वाक्य पाठ असायला हवे. तक्रारीतही ते स्पष्ट लिहावे: ‘सदर कॅमेरा मी स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी खरेदी केला आहे.’ त्याखाली खरेदीचा दिनांक, बिल क्रमांक, अनुक्रमांक, दोष केव्हा दिसला आणि तुम्हाला काय हवे, दुरुस्ती, बदल की रक्कम, ते क्रमाने द्यावे. संताप लिहू नये, दिनांक लिहावेत.

शब्दार्थ
प्राकार – मंदिराभोवतीची तटभिंत
खालसा होणे – राज्य जप्त होऊन सरकारजमा होणे
क्लृप्ती – युक्ती
निवारण – दूर करणे

स्वाध्याय
१. कोरीव लेखाचे छायाचित्र घेताना उन्हाची दिशा का महत्त्वाची ठरते? चार वाक्यांत लिहा.
२. बाजार आणि विक्रेता यांतील भेद तुमच्या घरात आलेल्या एखाद्या बिलाच्या आधारे स्पष्ट करा.
३. परदेशातून परस्पर आणलेला स्वस्त कॅमेरा घ्यावा की नाही? तुमचे मत कारणांसह मांडा.
४. नव्या कॅमेऱ्याचा अनुक्रमांक बिलावरील अनुक्रमांकाशी जुळत नाही, असे समजून संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यास पत्र लिहा.