आपलाच कापूस, आपलाच काटा

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. कापूस ज्याचा त्यानेच काटा धरला, तर व्यापारी घेईल का? आणि व्यापारी एकटाच मोजू लागला, तर आपण तरी गप्प बसू का? माप खरे असले तरी मनात शंका येतेच. मग कापसाला जी काळजी, ती गावच्या पैशाला नको का?

समजा, ग्रामपंचायतीने नाली बांधायचे ठरवले. ठेका कोणाला, दर किती, बिल द्यायचे की नाही, हे पंचायत ठरवते. आता एका सदस्यानेच तो ठेका घेतला. सिमेंट कमी पडले, तर बोलायचे कोणी? बिल मागणारा तोच, मंजूर करणाराही तोच!

म्हणून ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यात कलम 14 आहे. पंचायतीच्या कामात, ठेक्यात किंवा नोकरीत ज्याचा हिस्सा आहे, त्याला सदस्य राहता येत नाही. हिस्सा उघड असो की आडून असो. स्वतःचा असो की भागीदारामार्फत असो.

सदस्य म्हणेल, "अहो, मी काम चोख केलं. एक पैसा खाल्ला नाही." असेलही खरे. पण हे कलम चोरीचे विचारत नाही. ते विचारते, "तुझा हिस्सा होता का?"

घरच्या माणसाच्या नावाने ठेका घेतला तर? नुसते नाते दाखवून भागत नाही, हिस्सा दाखवावा लागतो. गोव्यातही असाच कायदा आहे. तिथे नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. एका सदस्य बाईंच्या नवऱ्याकडे पंचायतीच्या कामाचा ठेका होता. त्यात बाईंचाही हिस्सा येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली ठरवले. बाई अपात्र ठरल्या.

शंका आली तर काय करावे? पारावर कुजबुज करू नका. ग्रामसभेत उभे राहून विचारा. कागद हवा असेल, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा. अर्जाची फी 10 रुपये. पुरावा मिळाला, की जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. ते सदस्याचे म्हणणे ऐकून निकाल देतात.

आणि उद्या आपणच निवडून आलो तर? ठेका किंवा खुर्ची, एकच धरायचे.

विचार करा :
1. काम चांगले झाले तरी सदस्य अपात्र का ठरतो?
2. तुमच्या गावातल्या शेवटच्या कामाचा ठेका कोणाकडे होता?