कुरणशाळेचा धडा

शिक्षणाचा आरंभ इमारतीपासून होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात झालेल्या एका प्रयोगाने ही समजूत फार पूर्वीच खोटी ठरविली आहे.

ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

वारली पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच पाड्यावर गेल्या. मुलांना अंघोळ घालणे, गाणी व गोष्टी सांगणे, खेळ घेणे हे सर्व घरापुढील अंगणात होऊ लागले. हीच अंगणवाडी होय. थोरली मुले गुरे राखीत असत. त्यांच्यासाठी शिक्षक रानात गेले व कुरणशाळा भरू लागली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुली घरी राहत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालून विकासवाडी उभी राहिली. माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा बिया, शिंपले, खडे व पाने यांनी घेतली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. तथापि, नावातील अंगण पुष्कळ ठिकाणी मागे पडले.

शहापूर तालुक्यातील शेणवा व लगतचा मुरबाड तालुका या परिसराला हा धडा विशेष उपयुक्त आहे. येथे साग, ऐन, मोह व पळस यांचे रान पाड्यालगतच आहे. पळसाची पाने लहानमोठ्या क्रमाने लावणे, चिंचोके मोजणे, ओल्या व कोरड्या मातीतील फरक हाताने ओळखणे, पक्ष्यांचे आवाज ऐकून वेगळे सांगणे, यांतून तीन ते सहा वर्षांच्या बालकाची गणनपूर्व व भाषिक तयारी होते. मुलाच्या बोलीतील नावे सेविकेने आधी स्वीकारावीत व प्रमाण शब्द नंतर द्यावेत.

उघड्यावरील शिक्षण म्हणजे मुलांना मोकाट सोडणे नव्हे. ग्रामपंचायतीने सावलीची जागा निवडून ती साफ ठेवावी, विंचूसापाची अडगळ काढावी, जवळची विहीर वा ओढा यांस कुंपण घालावे आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी. पावसाळ्यासाठी पक्के छप्पर हवेच.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात व त्यांची बालके पटावर राहूनही शिक्षणाबाहेर पडतात. स्थलांतरापूर्वीच पंचायतीने अशा बालकांची यादी करून ती भट्टीच्या गावच्या अंगणवाडीस कळविली, तर आहार व शिक्षण दोन्ही खंडित होणार नाहीत. जेथे मूल, तेथे शाळा, हाच कुरणशाळेचा अर्थ आहे.